राकेशचा मॅनेजर बाप

पंडितकाकांनी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं फावड्याने टब भरले आणि अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे येताच ते एकदम मॅनेजर झाले. ही बढती राकेशने दिलेली. टब भरणारा लोडर म्हटलं की आपली माणसं गाव विचारतात, मग वस्ती विचारतात, म्हणून ऑफिसातल्या मित्रांना त्याने तसं सांगून ठेवलं होतं. बाबासाहेबांचा फोटोही हॉलमधून उचलून बेडरूममध्ये नेला होता. काकांना मुलाची कीव नाही, चीड यायची.

त्या शनिवारी राकेश आणि त्याचा मित्र प्रताप त्यांना एका जुन्या खाणगावचं म्युझियम दाखवायला घेऊन गेले. गाडीतून उतरताना राकेश कानाशी म्हणाला, "बाबा, आत जास्त बोलू नका, प्लीज."

आत नकली बोगदा होता. काकांनी सवयीने काठीने छत ठोकून पाहिलं, कारण खाणीत छत ठोकल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. खाली इस्त्रीच्या सदऱ्यातला पुतळा कुदळ धरून हसत होता. असा मजूर काकांनी जन्मात पाहिला नव्हता.

माहिती सांगणाऱ्या बाईंनी कौतुकाने सांगितलं की, सव्वाशे वर्षांपूर्वी गोरे काय, काळे काय, खाली उतरले की कोळशाने सगळे सारखेच दिसायचे. कसला भेद नव्हता.

"म्हणजे फुल इक्वॅलिटी यार," ते काकांना मराठीत सांगून प्रताप म्हणाला.

काकांनी नाक मुरडलं. खाली अंधारात एक माठ सगळ्यांना चालतो, वर उजेडात आलं की माठ वेगळे होतात. हे त्यांना एकतीस वर्षं रोज दिसलं होतं.

पुढे टेबलावर अख्ख्या गावाची प्रतिकृती होती. टेकडीवर मॅनेजरचा बंगला, मग चर्च, मग मजुरांची पांढरी घरं. काकांनी टाकाऊ कोळशाच्या ढिगापलीकडे, ओढ्याच्या खालच्या अंगाला बोट ठेवलं आणि काळे मजूर इथेच राहायचे ना, असं बाईंना विचारायला राकेशला सांगितलं. राकेशने नाइलाजाने विचारलं. बाई ओशाळल्या. हो, तिथेच, पण टेबलावर जागा पुरली नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. चर्चला मात्र जागा पुरली होती.

"काका, तुम्ही तर मॅनेजर. तुम्हाला हे कसं कळलं?" प्रतापने विचारलं.

"अंदाज रे," राकेश घाईने म्हणाला.

"अंदाज नाही. बंगल्याचं सांडपाणी जिथे उतरतं ना, तिथे मी जन्मलो. मी लोडर होतो."

हे काय म्हणताहेत, असं बाईंनी राकेशला विचारलं.

"ही सेज, युवर म्युझियम इज व्हेरी ब्युटिफुल," राकेश म्हणाला आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला दाराकडे वळवू लागला.

एवढं इंग्रजी काकांना कळत होतं. त्यांनी तो हात काढून टाकला.

"नो मॅडम," ते बाईंना म्हणाले. "आय लोडर. थर्टी-वन इयर्स. शेम, माय सन. नॉट मी."