भावोजींचं लाडकं क्रियापद

इंग्रजी भाषेतल्या एका क्रियापदावर माझ्या भावोजींनी जेवढा जीव लावला, त्याच्या निम्मा जरी माझ्या ताईवर लावला असता, तरी तिने जन्मभर दुसरं काही मागितलं नसतं. ते क्रियापद म्हणजे ‘लेट’. उशिराचं लेट नव्हे. करू द्यायचं, जाऊ द्यायचं लेट. हा खुलासा त्यांना विरारच्या मनवेलपाड्यात रोज कुणाला ना कुणाला करावा लागायचा आणि तो करताना त्यांच्या चेहऱ्यावर तीर्थ देणाऱ्या पुजाऱ्याचं समाधान असायचं. “गेट, टेक, पुट ही सगळी दांडगी माणसं,” ते मला सांगायचे, “नुसती ओढाताण करतात. लेट बघ. कुणाच्या अंगाला हात लावत नाही, बाजूला होऊन वाट देतो. सभ्य क्रियापद आहे ते.”

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ते पत्रव्यवहार सांभाळायचे. मालकाला इंग्रजी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. त्यामुळे कारखान्याचं सगळं इंग्रजी भावोजींच्या टंकयंत्रातून बाहेर पडायचं. विरारमध्ये तेव्हा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या इमारती उगवत होत्या आणि दर दुसऱ्या जिन्यावर ‘टू लेट’ची, म्हणजे भाड्याने देण्याची, पाटी लागलेली असायची. एका एजंटाने ती चुकवून ‘फार उशीर’ या अर्थाची रंगवली होती. भावोजी ओळीने तीन रविवार त्याच्याकडे गेले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “काका, खोली गेली भाड्याने. आता खरंच लेट झालंय.” पुढे एकदा पोट सुटलं म्हणून त्यांनी शिंप्याला पँटची कंबर ‘लेट आउट’ करायला सांगितली. शिंप्याने समजुतीने मान डोलावली आणि पँट दिवाळी उलटल्यावर दिली. कंबर होती तेवढीच. त्या दिवाळीत भावोजी फराळाला सगळीकडे पायजम्यात हिंडले. “सरळ ‘सैल करा’ म्हणाला असतात तर जीभ झडली असती?” ताईने विचारलं. त्यावर तिला ‘लेट आउट’ आणि ‘लेट ऑफ’ यांतला फरक ऐकावा लागला. चहा उतू गेला तो वेगळाच.

पुढे कारखान्याचं काम आटलं. मालकाने नऊ कामगारांना काढायचं ठरवलं आणि पत्रांचा मसुदा भावोजींच्या टेबलावर आला. त्यात ‘टर्मिनेट’ असा शब्द होता. भावोजींना तो सोसवेना. माणसं वाचतील, त्यांना काय वाटेल, म्हणून त्यांनी तो खोडला आणि स्वतःच्या अकलेने लिहिलं, ‘वी हॅव डिसायडेड टु लेट यू गो’. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. “ऐक, किती हळुवार वाक्य आहे!” ते म्हणाले. “काढलं नाही, जाऊ दिलं.” ताई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “कुठे जाऊ दिलं?” भावोजी म्हणाले, “भाषेतलं तुला कळायचं नाही.” आणि मी हसलो. अजून लाज वाटते, पण हसलो खरा.

रविवारी त्या नऊ जणांतला चिंचोटीचा काशिनाथ दारात उभा. लेथवर काम करून त्याचे केस पिकले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं पत्र. “साहेब, वाचून दाखवा. पोरगी म्हनते, यात जा असं लिवलंय. कुठं जा?”

भावोजींनी चष्मा लावला आणि स्वतःचंच वाक्य वाचलं. “म्हणजे कंपनीने तुम्हाला जाऊ दिलंय.”

काशिनाथने पत्र परत घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, “पन मी कधी बोललो, मला जायचाय म्हनून?”

आवाजात राग नव्हता. आपण चुकून कधी तसं बोललो होतो का, हे तो खरोखरच आठवत होता. तो तांब्याभर पाणी प्यायला, पत्र पुन्हा पिशवीत घालून गेला. ते कुणी लिहिलं, हे त्याने विचारलंही नाही.

तीन महिन्यांनी भावोजींना स्वतःचं पत्र मिळालं. मालकाच्या भाच्याने जुन्या पत्रावरून उतरवून संगणकावर काढलं होतं. वाक्य तेच, पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. भावोजींनी ते चप्पल न काढता उंबऱ्यातच वाचलं. सवयीने चूक शोधली असावी, सापडली नाही. त्यानंतर त्यांनी घरात इंग्रजी बोलणं सोडलं. ताईला आधी बरं वाटलं, मग करमेना.

पुढच्या पावसाळ्यात ते मला घेऊन चिंचोटीला गेले. धबधब्यावर येणाऱ्यांच्या मोटारसायकली काशिनाथ आपल्या अंगणात राखत होता. त्याने खुर्ची आणून पुसली आणि बायकोला सांगितलं, “आमच्या कंपनीतले साहेब. त्यांनीच तर मला पत्र वाचून दिलं.” बायकोने काकडी कापून मीठ लावून पुढे केली. भावोजींनी दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाले, “यंदा पाऊस बरा आहे.” दुसऱ्यांदा म्हणाले, “काकडी गोड आहे हो.” ते ऐकून काशिनाथने मांडवावरच्या आणखी काढून पिशवी भरून दिली.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “ते वाक्य माझं होतं, एवढंच सांगायला गेलो होतो रे.”

मग ते दर पावसाळ्यात जायचे, हयात असेतोवर गेले. कधी डाळिंबं न्यायचे, कधी काशिनाथच्या नातवाला वह्या. संध्याकाळी परतले की ताई दार उघडून विचारायची, “सांगितलंत?” भावोजी काकड्यांची पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि हातपाय धुवायला जायचे. ताई विळी घ्यायची, एकेक काकडी सोलायची. पुन्हा विचारायची नाही.