आबांचं 'तुमी'

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून मी भीमाशंकर पाहिलं. मी पुण्याला कॉलेजात गेलो तरी त्यांच्या तोंडी मी 'ए पोरा'च होतो.

नव्वदच्या दशकातली एक निवडणूक होती. मी महिनाभराच्या सुट्टीला घोडेगावजवळच्या आमच्या घरी आलो होतो. प्रचाराला आलेला पुढारी आमच्या ओट्यावर ऐसपैस बसला आणि आबा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. कुणापुढं वाकू नको, हे मला शिकवणारे आबा! माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "धरणात घरं गेली त्यांना टँकर आणि आमच्या उसाला पाट, हे कसं काय हो?"

पुढारी हसला, चहा संपवून गेला. जीप वळताच आबा कडाडले, "पाट नव्हता तवा या रानात कुसळ उगवत नव्हतं! त्याच पाण्यावर तुजी फी भरली!"

"म्हणून दुसऱ्याची घरं बुडवायची? लाज नाही वाटत?"

यातलं एक अक्षरही मी आजसुद्धा मागे घेणार नाही.

आबा आजीकडे वळून म्हणाले, "पावण्यांना जेवाय वाढ. त्यांना यष्टी गाठायचीय."

मी ताटाला हात लावला नाही. पिशवी उचलली आणि सवयीनं म्हणालो, "येतो, आबा."

यावर ते नेहमी 'लवकर ये रं' म्हणायचे.

"या तुमी," आबा म्हणाले.