अकराव्या घरात बूट घालून गेलो

मंडळी, आज लंडनच्या पिनर भागात भाड्याचं अकरावं घर पाहून आलो. आमचा लँडलॉर्ड घर विकतोय, त्यामुळे महिनाअखेर आम्हाला बाहेर पडायचंय. लॉकडाउन आपल्याला, त्याला थोडाच!

कोविडमुळे व्ह्यूइंगला, म्हणजे घर बघायला, आत एकालाच सोडतात. म्हणून सातवा महिना लागलेली माझी बायको नेहा गाडीत बसून, आणि मी मास्क लावून तिला व्हिडिओ कॉलवर घर दाखवतोय. एजंट दारातूनच म्हणाला, "दहा मिनिटं."

पहिल्या घरी मी सवयीने दारातच बूट काढले होते. तिथला एजंट हसला होता. तरी पुढची नऊ घरंही मोज्यांवरच पाहिली. लोकांच्या घरात बुटांनिशी कसं शिरायचं? शिवाय नेहा प्रत्येक वेळी म्हणायची, "कुणी सांगावं, हेच आपलं व्हायचं."

आज खिडकी दाखवता दाखवता फोन जरा खाली गेला आणि नेहा ओरडली, "अरे, तू बूट घालून आत गेलास?"

मी खाली पाहिलं. कार्पेटवर माझ्या ओल्या बुटांचे ठसे. दाराशी त्या घरच्यांच्या चपला नीट लावलेल्या होत्या, त्या ओलांडून मी आत आलो होतो. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

गाडीत बसतोय तोच एजंटचा मेसेज: घर दुसऱ्यांना दिलं. तो वाचून नेहा एवढंच म्हणाली, "पुढच्या घरी बूट काढ."

पिनर-हॅरोच्या आसपास कुणाच्या पाहण्यात घर असेल तर कळवा. बूट बाहेर काढून येईन.