मिरच्या भाजल्या तेव्हा मी डोंगरावर होते

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर किरटं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे हातात पेन कमी आणि विळा-झाडू जास्त आला. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याबद्दल माफ करा. ही माफी एकदाच मागते. पुढे जे लिहिलंय त्याबद्दल मागणार नाही.

मी इथे अमेरिकेत लेकीजवळ राहते. ती इथल्या छोट्या हॉस्पिटलात हाडांच्या पेशंटना व्यायाम शिकवते. डोंगरावर बर्फात घसरायला येणारे लोक गुडघे मोडून घेतात आणि खाली तिच्याकडे येतात. अ‍ॅशबर्न या शहरात आपली बरीच मराठी माणसं राहतात, तिथून इथे यायला गाडीने चार तास लागतात. डोंगरावर एक मोठं रिसॉर्ट आहे, हिवाळ्यात स्की आणि उन्हाळ्यात सायकली. तिथल्या बूट-स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात मी पाच हिवाळे स्कीचे बूट वाळवते. लोक ओले बूट आणून टाकतात, मी आत औषध फवारते, गरम हवेच्या नळ्यांवर उलटे लावते आणि नंबराप्रमाणे रॅकवर ठेवते. उन्हाळ्यात मी तिथल्याच लाँड्रीत असते. बोलावं लागत नाही म्हणून मला हे काम आवडतं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, लहानपणापासून असंच आहे.

अ‍ॅशबर्नच्या आपल्या लोकांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी विचारतं, "मावशी, स्वस्तात कसं यायचं?" तोंडाने मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

नाताळात येऊ नका. फेब्रुवारीत तीन दिवसांची सुट्टी जोडून येते, तेव्हाही नको. त्या दिवसांत खोलीचं भाडं तिप्पट असतं आणि डोंगरावर नेणाऱ्या बाकांच्या लिफ्टच्या रांगेत पोरं रडतात. तुमच्याकडे जानेवारीच्या शेवटी सोमवार-मंगळवार शाळेला सुट्टी असते, ती इथे कुणाला ठाऊक नसते. तेव्हा डोंगर मोकळा असतो. किंवा मार्चच्या मधल्या आठवड्यात या. बर्फ असतो, ऊनही असतं आणि भाव उतरलेले असतात. एप्रिलात लिफ्ट बंद असते आणि सगळीकडे चिखल, खोल्या अगदी स्वस्त. ज्याला फक्त झोपायचं आहे त्याने तेव्हा यावं.

तिकीट खिडकीवर घेऊ नका, घरूनच आधी काढा. पहिल्यांदा येत असाल तर अख्ख्या डोंगराचं तिकीट घेऊन काय करणार? लहान उताराचं तिकीट आणि शिकवणी एकत्र मिळते, तेवढं पुरतं. बूट आणि स्की वर घेऊ नका, खाली गावात वीस मिनिटांवर एक दुकान आहे तिथे घ्या. मी वरच्या दुकानात पगार घेते आणि तरी हे लिहिते. खरं ते खरं. जीन्स घालून येऊ नका, ती भिजते आणि मग माणूस दिवसभर कुडकुडतो. गावातल्या चर्चच्या दुकानात वापरलेल्या बर्फाच्या पँटी पाच-सहा डॉलरला मिळतात. मी माझी तिथूनच घेतली.

जेवणासाठी वरच्या मजल्यावर जाऊ नका, तिथे वाटीभर सूपच्या पैशात घरी आठवड्याची डाळ येते. तळमजल्यावर लांब टेबलांची एक खोली आहे. तिथे स्वतःचा डबा खाता येतो, मायक्रोवेव्ह आहे, गरम पाणी फुकट आहे. बरेच लोक लाजतात. मी लाजत नाही, आणि मी भलती लाजाळू आहे.

आता माझ्या नावावर खपलेल्या फोडणीचं. ते सांगायला सगळंच सांगावं लागेल.

मागच्या वर्षी जानेवारीतल्या त्याच सुट्टीत अ‍ॅशबर्नची चार कुटुंबं आली. कर्मचाऱ्यांना वर्षातून काही रात्री कमी भाड्याने खोली किंवा घर मिळतं, त्यातल्या दोन रात्री मी त्यांना दिल्या. मोठं लाकडी घर, स्वयंपाकघरासकट, माझ्या नावावर. माझं नाव कागदावर होतं म्हणून मीही त्यांच्यासोबत राहिले. लेकीला ड्यूटी होती.

सोमवारी मी दुकानातून आले आणि सगळ्यांचा स्वयंपाक केला. त्यांच्यातली एक पुढारी आहे, चाळिशीची, ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज तिचेच. ती म्हणाली, "मावशी आहेत ना, मग टेन्शनच नाही. यार, दॅट्स द बेस्ट पार्ट." तिचा नवरा पहिल्याच दिवशी लहान उतारावर पडला आणि गुडघ्याला बर्फ लावून सोफ्यावर बसला. त्यांच्या पोरीने मी वाढलेली भाकरी बघितली आणि म्हणाली, "आजी, आय'म गुड, थँक यू." मग अर्ध्या तासाने येऊन दोन खाल्ल्या.

मंगळवारी माझी सुट्टी होती. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, लेकीलासुद्धा नाही. आधीचे दोन हिवाळे मी जेवणाच्या सुट्टीत स्की शिकत होते. माझ्याबरोबर बूट वाळवणारा एक गोरा म्हातारा आहे, त्याने शिकवलं. जमिनीवर एक सरकता पट्टा असतो, त्यावर उभं राहून वर जायचं आणि हळूहळू घसरत खाली यायचं. चार हिवाळे मी दुसऱ्यांच्या पायांचा वास घेत होते. माझ्या गळ्यात कामाचा पास होता आणि त्यावर लिफ्ट फुकट होती. त्या मंगळवारी मी बाकाच्या लिफ्टवर बसायचं ठरवलं होतं.

सगळे नऊला बाहेर पडले. घरात फक्त तो गुडघेवाला राहिला. मी चर्चची पँट घातली, बूट आवळले आणि त्याला म्हटलं, "मी जरा वर जाऊन येते. भात-वरण झाकून ठेवलंय."

"हो हो, या तुम्ही. मावशी, हिरव्या मिरच्या कुठे आहेत?"

"फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात."

"माझ्या आईसारखा ठेचा करून सगळ्यांना सरप्राइज देतो."

मी गेले. बाक मागून येतं, गुडघ्यांना लागतं आणि माणूस बसतोच, विचार करायला वेळ मिळत नाही. खाली झाडांची टोकं दिसत होती. वर उतरताना मी पडले. दुसऱ्यांदाही पडले. तिसऱ्यांदा नाही पडले. प्रत्येक वेळी गेटवर पास टिक करून वाजायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एकटी डोंगरावर होते आणि खाली कुणाला काही वाढायचं नव्हतं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

साडेबाराला परत आले तर घरासमोर लाल गाडी उभी होती, दार-खिडक्या उघड्या, आणि फायरवाले मोठा पंखा लावून धूर बाहेर काढत होते. मिरच्यांचा असा खाट की ते हेल्मेटवालेसुद्धा खोकत होते. आपले लोक पार्किंगमध्ये उभे. स्वयंपाकघरात मीच होते असं सगळ्यांनी धरलं होतं. पुढारीणबाई माझ्याकडे वळली.

"अहो मावशी, फोडणी देताना निदान एक्झॉस्ट तरी लावायचा ना."

दुसरी हसली. "मावशींचा तडका म्हणजे डायरेक्ट फायर ब्रिगेड."

सगळे हसले. माझ्या पायात स्कीचे बूट होते. त्या बुटांत माणूस धड चालूसुद्धा शकत नाही, रोबोटसारखा खट्खट् करतो. तरी कुणी माझ्या पायांकडे पाहिलं नाही. एकानेच पाहिलं, त्या गुडघेवाल्याने. मग त्याने मान फिरवली आणि फोन बघत बसला. मी खाली वाकून बुटांची बकलं सोडत बसले.

आत तवा बघितला. मिरच्यांची काळी देठं तशीच चिकटलेली होती. तो मीच घासला.

आठवड्याने ऑफिसातून पत्र आलं. अलार्म अकरा वाजून वीस मिनिटांनी वाजला, दंड साडेतीनशे डॉलर, घर तुमच्या नावावर, म्हणून दोन पगारांतून कापू. आणि वर्षभर कमी भाड्याची खोली बंद. लेकीने पत्र वाचून दाखवलं. ग्रुपवर तेव्हा माझं नाव फायर ब्रिगेड मावशी पडलं होतं.

"मी त्यांना सांगते दंडाचं," ती म्हणाली.

तिने सांगितलं. उत्तर आलं, मावशींनीच फोडणी दिली ना, पण आम्ही समजू शकतो, पुढच्या वेळी भेटलो की बघू.

तेव्हा मी लेकीला सगळं सांगितलं. ती आधी मिरच्यांवर चिडलीच नाही. "तू स्की करतेस? आई, तू? माझ्याकडे रोज कोण येतं माहीत आहे ना तुला?" मग रागावली, मग हसली, मग म्हणाली, "जाऊ दे ना आता. इथे आपली म्हणावी अशी माणसं तेवढीच आहेत. पैसे मी देते."

"तू मिरच्या भाजल्यास का?"

"नाही."

"मग तू कशाला देतेस?"

तिकीटखिडकीवरच्या मुलीला मी माझा पास दाखवला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, त्या दिवशीचं सगळं छापून मिळेल का. तिने एक कागद काढून दिला. माझं नाव, तारीख आणि लिफ्टच्या नऊ फेऱ्यांच्या वेळा. अकरा वाजून अकरा. अकरा सत्तावीस. मधल्या वेळात अलार्म वाजला तेव्हा मी बर्फात होते, बहुतेक पालथी. मी चौथी शिकले, पण घड्याळ तिसरीतच शिकवतात. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

एप्रिलात अ‍ॅशबर्नला जयंतीचा कार्यक्रम होता. शाळेचा मोठा हॉल, पोरांची भाषणं इंग्रजीत, मग जेवण. आम्ही सगळे एकाच टेबलावर बसलो. पुढारीणबाई पुरी घेता घेता म्हणाली, "मावशी, आज किचनमध्ये जाऊ नका हां. शाळा रिकामी करावी लागेल."

टेबल हसलं. मी कागद काढला आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला. 

"हे काय आहे, मावशी?"

"त्या दिवशी मी लिफ्टवर होते. त्याच्या वेळा आहेत. अलार्म अकरा वीसला वाजला."

ती वाचत राहिली. "तुम्ही लिफ्टवर? मग घरात कोण होतं?"

मी पुरीचा तुकडा मोडला. घरात एकच माणूस होता. ती नवऱ्याकडे वळली. "तू?"

"अगं, मी फक्त ठेच्यासाठी थोड्या मिरच्या..." त्याने पुरी खाली ठेवली. "मला वाटलं क्लिअर करावं. पण मावशी काही बोलल्या नाहीत, मग मी पण..."

"मी लाजून गप्प बसले," मी म्हटलं. "तुम्ही कशाला बसलात?"

टेबलावर कुणी हसलं नाही. इतकी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला उठून जावंसं वाटलं नाही, हे मला आजही आठवतं.

तो म्हणाला, "सॉरी, मावशी. किती होते? आत्ता पाठवतो फोनवर."

"साडेतीनशे. आणि ज्या ग्रुपवर माझं नाव पडलं, त्याच ग्रुपवर लिहा."

त्याने तिथेच लिहिलं. लेकीने वाचून दाखवलं. मिरच्या मी भाजल्या होत्या, मावशी तेव्हा डोंगरावर होत्या. खाली एका मुलीने विचारलं होतं, डोंगरावर म्हणजे स्की करत होत्या का? लेकीने उत्तर दिलं, हो.

पैसे मात्र "आत्ता" आले नाहीत. मे महिन्यात दोनशे ऐंशी आले. पुढारीणबाईचा मेसेज होता की खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायची आपली पद्धत आहे. चार कुटुंबं आणि मावशी मिळून पाच वाटे, प्रत्येकी सत्तर, मावशींचा वाटा वजा करून पाठवले आहेत.

ही आपल्या लोकांची पद्धत मला माहीत आहे. पिझ्झा असो की पेट्रोल, भागिले करायचं आणि विषय संपवायचा. ज्याने खाल्लं नाही त्याचंही भागिले. लेक म्हणाली, "आई, सत्तर डॉलरसाठी आता वाईटपणा नको."

मी म्हटलं, "त्यांनी आपापसात कसंही वाटावं. माझा वाटा लिफ्टवर होता."

मेसेज करून मागितले नाहीत, भांडले नाही. वहीत लिहिलं, सत्तर बाकी.

उन्हाळा गेला. उन्हाळ्यात यायचं असेल तर लिफ्टने वर जा आणि पायवाटेने उतरा, तासाभराचा रस्ता आहे, खाली यायचे पैसे लागत नाहीत. ऑक्टोबरात पानं लाल होतात, तेव्हा शनिवार-रविवार सोडून या. तेव्हा दुकानात बूट नसतात, मी लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते आणि खिडकीतून डोंगर दिसतो.

नोव्हेंबरात पुढारीणबाईचा फोन आला. लेकीने स्पीकरवर ठेवला.

"मावशी, कशा आहात? आम्ही जानेवारीत परत यायचं म्हणतोय. ऑनलाइन बघितलं तर प्राइस फारच आहे. तुमचा डिस्काउंट असेल ना?"

"नाही. तो बंद झाला होता. आता परत मिळेल तेव्हा लेकीच्या मैत्रिणींना देणार आहे."

"बरं, मग निदान टिप्स तरी द्या ना. कधी यायचं, बूट कुठून घ्यायचे."

"देते की. टिप्स फुकट आहेत. आधी माझे सत्तर डॉलर पाठवा."

लेकीने डोळे मोठे केले.  मग पलीकडून पुढारीणबाईचा नवरा मागून बोलला, तो फोनवर आहे हे मला ठाऊक नव्हतं. "दे गं त्यांना. माझ्याच मिरच्या होत्या. आणि त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्या वेळेचा कागद घेऊन फिरतात."

पुढारीणबाई हसली. मीही हसले. पण पैसे येईपर्यंत मी मार्चच्या मधल्या आठवड्याचं काही सांगितलं नाही, चर्चच्या दुकानाचंही नाही. मिरच्या भाजायच्या तर घराबाहेर अंगणातल्या ग्रिलवर भाजा, आणि अलार्मला पिशवी बांधू नका, त्याचा वेगळा दंड असतो, हेसुद्धा नाही.

चार दिवसांनी पोस्टाने पाकीट आलं. आत सत्तर डॉलरचा चेक, त्याच्या सहीचा. मी बँकेत स्वतः गेले, चेकच्या मागे मराठीत सही केली. खिडकीवरच्या बाईने ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि घेतली. घरी येऊन वही काढली, "सत्तर बाकी" यावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, साडेतीनशे पूर्ण मिळाले.