विहीणबाईंच्या ताटातला फ्लॉवर

माझ्या बहिणीचे यजमान मुकुंददाजी यांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. एक म्हणजे इरावर, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीवर, जीव लावला. दुसरी म्हणजे अन्नात किडे शोधले. दुसऱ्या कामात त्यांना जास्त यश आलं.

चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते. दिवसभर लोखंडाचे भाग तपासायचे. पण त्यात नाव होईना, कारण भागात खोट काढली की प्रॉडक्शनवाले भांडायला यायचे. कॅन्टीन कमिटीवर गेले आणि त्यांचं नशीब उघडलं. आमटीत सापडलेलं एक झुरळ त्यांनी पार्टच्या प्लास्टिक पिशवीत घालून थेट मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि दुसरी शिफ्ट तासभर बंद राहिली. त्या दिवसापासून दाजी पुढारी झाले. कुणाच्या ताटात काही वळवळलं की लोक ते फेकून देत नसत. वर वाटी पालथी घालत आणि हाक मारत, "किडेसाहेबांना बोलवा." साहेब येत, वाटी उचलत, उजवा हात वर करत, आणि कंत्राटदाराचा चेहरा पडे. निवृत्तीला कंपनीतल्या पोरांनी थट्टेनं त्यांना एक भिंग भेट दिलं. थट्टा त्यांच्या लक्षात आली नाही. सांगवीच्या फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये ते अजून मानानं ठेवलेलं आहे.

घरी काय होत असेल, याची कल्पना करा. ताट पुढे आलं की दाजी आधी ते ट्यूबलाइटकडे कलवतात. भाताची शितं बाजूला करतात, पालेभाजी उलगडून बघतात, मग घास घेतात. आमची पद्माताई हे बघत बघत म्हातारी होत चालली आहे.

इराचं पहिलं स्थळ याच शोधकार्यात गेलं. मुलगा निमिष, माणसं बरी, पत्रिकाही जमलेली. बोलणी करायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पोहे आले. दाजींनी पोह्यातली कोथिंबीर उलटी केली, त्यावर एक अळी निघाली आणि दाजींचा उजवा हात आपोआप वर गेला. समोर कंत्राटदार नव्हता, मुलाची आई होती. ती स्वयंपाकघरात गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आलीच नाही. वर दाजी आम्हाला गाडीत समजावत होते की तक्रार त्यांनी अगदी सौम्य शब्दांत केली. इरा खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्यानंतर बरेच दिवस ती बापाशी कामापुरतंच बोलत होती.

मग इरानं स्वतःच मुलगा निवडला. धनेश बसुमतारी. चाकणलाच डिझाइन इंजिनिअर, मूळचा आसामातल्या कोक्राझारचा, बोडो घरातला. मुलगा दिसायला नेटका, बोलायला गोड, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. दाजींनी होकारही देऊन टाकला. आणि मग इरानं सांगितलं की धनेशची आई येणार आहे आणि येताना त्यांच्याकडचा मानाचा पदार्थ आणणार आहे. एरी रेशमाचे किडे, परतून.

दाजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मुद्दाम?"

"बाबा, आपण पाहुण्यांना पुरणपोळी घालतो तसं आहे ते," इरा म्हणाली. "लहान मुलं भांडतात त्याच्यासाठी. तुम्ही कोळंबी खाता ना? खेकडे खाता ना?"

"ते वेगळं."

काय वेगळं, ते त्यांना सांगता येईना. दहा पायांचा प्राणी चविष्ट आणि सहा पायांचा गलिच्छ, ही सीमारेषा कुठल्या शास्त्रात आखली आहे हे मलाही ठाऊक नाही. आमच्या आजोळी, मावळात, मधाचं पोळं उतरलं की त्यातली पांढरी पिल्लं आम्ही मुलं मधासकट चावून खायचो. पद्माताई सगळ्यांत जास्त खायची. हे दाजींना आजवर कुणी सांगितलेलं नाही, शेवटी संसार टिकवायचा असतो.

"बाबा," इरा म्हणाली, "नाही खाल्लंत तरी चालेल. फक्त हात वर करू नका. या वेळी मला सहन होणार नाही." हे म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि घरात सगळ्यांना कळलं की हेही लग्न बापाच्या हातानं मोडलं तर पोरगी परत या घरात मनापासून येणार नाही.

ठरलेल्या दिवशी धनेश आईला घेऊन आला. ठेंगणी, शांत बाई, स्वतः विणलेल्या पिवळ्या दोखनात. दोखना म्हणजे त्यांच्याकडचं लुगडंच. हातात स्टीलचा डबा. मलाही पुनावळ्याहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं, प्रसंग आलाच तर दाजींना आवरायला. डबा उघडला. आत फिकट पिवळे, जाडसर, कांदा-मिरचीवर परतलेले किडे. दाजींनी डबा हातात घेतला आणि सवयीनं ट्यूबलाइटकडे कलवला. इरानं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होतो?

"ये खाता क्या है?" दाजींनी तपासणी सुरू केली.

"एरंडी का पत्ता."

"और कुछ?"

"नहीं. गंदा पत्ता देगा तो मर जाता है. पत्ता पोंछ के देता है हम."

"रखते किधर?"

"घर में. हम लोग सोता है, उसके बाजू में. इसका ही धागा है," असं म्हणून बाईंनी अंगावरची शाल पुढे केली. रेशीम काढायचं, विणायचं, आणि आतला जीव वाया न घालवता खायचा, असा सगळा हिशेब. दाजींनी शाल चाचपली. कॅन्टीनच्या इतिहासात कुठल्याही आचाऱ्यानं दिली नसतील इतकी चोख उत्तरं त्यांना मिळाली होती, आणि साहेबांजवळ प्रश्न उरले नव्हते. त्यांनी एक उचलला, डोळे मिटले, चावला.

"शेंगदाण्यासारखं लागतंय," ते जरा निराश होऊनच म्हणाले. मग दुसरा घेतला. मीही घेतला. आजोळच्या पोळ्याइतकं गोड नव्हतं, पण चांगलं होतं. इरानं श्वास सोडला. आम्हाला सगळ्यांना वाटलं, संकट टळलं.

मग ताटं वाढली. ताईनं पहाटेपासून राबून सगळं केलं होतं: मसालेभात, कोशिंबीर, पुऱ्या, फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा. विहीणबाई दाजींच्या डावीकडे, मी समोर, इरा माझ्या शेजारी. ताई उभ्यानं आग्रह करत होती. "भाजी अच्छी लगी?" तिनं विहीणबाईंना विचारलं.

आणि दाजींची नजर थबकली. मी त्या नजरेच्या मागे गेलो. विहीणबाईंच्या ताटात, फ्लॉवरच्या तुऱ्याला बिलगून, एक हिरवट अळी होती. शिजून सरळ झालेली. बाईंचं लक्ष आपल्या पुरीकडे होतं.

तुम्ही म्हणाल, डबाभर किडे घेऊन आलेल्या बाईला एका अळीचं काय? पण तसं नसतं हो. पाला पुसून, घरात जपून, मानानं वाढलेला जीव वेगळा, आणि घाईत धुतलेल्या भाजीतून चोरून आलेला वेगळा. त्यांनी आणला तो मान होता. आपण वाढलेल्या ताटात निघाली ती अब्रू होती, आणि ती माझ्या बहिणीची होती.

दाजींचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला. इराला अळी दिसत नव्हती, तिला फक्त तो हात दिसत होता. तिचा चेहरा पांढरा पडला.

हात अर्ध्यावर आला, थांबला, वळला आणि सरळ विहीणबाईंच्या ताटात गेला. दाजींनी तो तुरा उचलला, तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला.

ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. विहिणीचं ताट! लग्नाआधी! उष्टं! आमच्या सात पिढ्यांत कुणी असं केलं नसेल. विहीणबाईंनी ताटाकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. मग आपल्या ताटातला चांगला मोठा बटाटा उचलून त्यांच्या ताटात ठेवला आणि लेकाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या.

धनेश म्हणाला, "आई म्हणते, तिचा मोठा भाऊ असाच तिच्या ताटातलं उचलून खायचा. तो गेल्यापासून कुणी उचललं नव्हतं."

बाई शालीचं टोक डोळ्यांना लावत हसत होत्या. लग्न वैशाखात ठरलं.

पाहुणे गेल्यावर ताईनं दार लावलं आणि कंबरेवर हात ठेवले. "अहो, काय हे? जनाची नाही तर मनाची तरी. विहीणबाईंच्या ताटात हात घालायचा?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मला दिसलं होतं, हे त्यांना कळलं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"भाजी छान झाली होती," दाजी म्हणाले. "राहवलं नाही."

ताई खुर्चीवर बसली. लग्नाला तीसेक वर्षं झाली, तिच्या हातच्या कशालाही हा माणूस छान म्हणाला नव्हता. ती पदराशी चाळा करत राहिली. आयुष्यभर मी दाजींची टिंगल केली, पण त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

"मला वाटलं, मीठ जास्त पडलंय," ती हळूच म्हणाली.

"नाही. बरोबर होतं."

"थोडी उरलीये पातेल्यात," ताई उठली. तिचा आवाज एकदम तरुण झाला होता. "वाढू?"

फ्लॉवरमध्ये अळी सहसा एकटी नसते. हे मला माहीत होतं, आणि दाजींना तर माझ्याहून जास्त.

"वाढ," दाजी म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे केलं.