दादानं आडवी केलेली बाटली

मी देश सोडला त्या सकाळी दादा मला चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचवायला आला तो थेट बागेतून. छाटणी चालू होती. शर्टाला चीक लागलेला, नखांत माती, आणि जीपमध्ये माझ्या सुटकेसशेजारी फवारणीचा पंप. आत सोडत नव्हते, म्हणून दारातच म्हणाला, "नलू, तिकडची वाइन चाखून बघ. आपल्यासारखी लागती का ते कळव." अण्णा, आमचे वडील, जीपमधून उतरलेच नाहीत. दादानं करमाडच्या पुढची आमची मोसंबीची बाग काढून वाइनची द्राक्षं लावली तेव्हापासून ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत. "द्राक्ष खायचं फळ आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. मी गेल्यावर ते दोघं शेजारी बसून परत जाणार होते, आणि गप्पच जाणार होते, हे मला विमानात डाचत राहिलं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे ठाऊक असेल: आपण गेल्यावर गाव थांबून राहील असं वाटतं, आणि ते थांबत नाही. नॉटिंगहॅमच्या लायब्ररीत मी पुस्तकं लावत होते, हीटिंग आणि बस-पासची काळजी करायला शिकत होते, तेव्हा दादा वाइनसाठी स्टीलच्या टाक्या उभारत होता. खंडेनवमीला आईनं त्या टाक्यांना हळदीकुंकू लावलं, मान दुसरीकडं वळवून. दादा वाइन तोंडात घोळवून थुंकायचा, आणि बागेतल्या बायका हसायच्या, की थुंकायचंच होतं तर एवढा खटाटोप कशाला केला. त्यानं गावच्या हद्दीतच, जालना रोडला, वायनरीचं छोटं दुकान काढलं. वेरूळहून जालन्याकडं परतणारे पर्यटक तिथं थांबू लागले. लेबलावर आमच्या गावाचं नाव होतं. पुढं गावानं त्याला सरपंच केलं. सगळे त्याला भाऊ म्हणू लागले, अण्णा सोडून.

एका डिसेंबरात मी सुट्टीवर आले होते, तेव्हाची ही गोष्ट. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करावं म्हणून बायकांनी अर्ज तयार केला होता. आपल्याकडं त्यावर फक्त बायका मत देतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आडवीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. ग्रामसभेत दादा अर्जाच्या बाजूनं चांगलं बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अंगणवाडीतल्या सुभद्राबाई पदर सावरत उठल्या.

"भाऊ, अर्जात रोडवरचं तुमचं दुकान नाय. तुमच्या बाटलीत काय तीर्थ हाय का?"

बाप्ये मोठ्यानं हसले. दादाही हसला, मग हसू विरलं. मी बायकांत बसले होते, मला त्याचा चेहरा समोर दिसत होता. निवडणुकीत कायम त्याच्यासोबत फिरणारे बशीरभाई त्याच्या कानाशी वाकले. पण त्यांना हळू बोलता येतच नसे, त्यामुळं सभेनं ऐकलंच. "अपनी दुकान कायको बीच में लाते भाऊ? झेडपी का इलेक्शन सिर पे है."

जिल्हा परिषदेचं तिकीट त्याला जवळपास मिळालेलं होतं, आणि ते देणारे लोक त्याच्या वायनरीकडं बघूनच देत होते. दुकान गेलं तर लेबल जाणार होतं; दुसरीकडं त्याच्या नावाची बाटली ठेवायला अजून कोणी तयार नव्हतं. हे सारं त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. तरी तो ग्रामसेवकाकडं वळून म्हणाला, "लिहा. माझंबी दुकान लिहा." आणि सुभद्राबाईंना म्हणाला, "मावशी, तीर्थ नाय. पण चांगली असती. एकदा चाखायची तरी होती." त्या म्हणाल्या, "आधी बंद करा, मग बघू."

मतदान शाळेत झालं. माझं नाव यादीतून गेलेलं, म्हणून मी फाटकाबाहेर उभी राहिले. आई मत देऊन आली. कोणत्या बाटलीला, असं मी विचारलं तर म्हणाली, "ते गुप्त असतं."

बाटली आडवी झाली. दुसऱ्या दिवशी अधिकारी येण्याआधीच दादानं दुकानाचं शटर स्वतः ओढलं. अण्णा चालत तिथवर गेले, आणि त्याच्याशेजारी पायरीवर बसून म्हणाले, "बागेला पाणी कधी सोडायचं?" इतक्या वर्षांत त्यांनी बागेबद्दल पहिल्यांदाच विचारलं होतं.

तिकीट दुसऱ्याला मिळालं. दादाची वाइन त्यानंतर टँकरनं नाशिककडं जायची आणि दुसऱ्याच्या लेबलखाली विकली जायची. तो गावापुरताच राहिला. रस्ता, पाणी, शाळेची भिंत, कोणाच्या घरची भांडणं. मी त्याला फोनवर एकदा विचारलं, वाईट वाटतं का? "लई वाटतं," तो म्हणाला. मला सर्वात मोठा अभिमान त्याच्या त्या दोन शब्दांचा आहे. आपल्याला काही वाटलंच नाही असं त्यानं कधी भासवलं नाही.

गेल्या महिन्यात तो गेला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याला सुभद्राबाई आल्या, ओसरीवर माझ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या. आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. म्हणाल्या, "आता आमी भांडायचं कुणाशी?" आणि मग, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुमी तिकडं ऱ्हाता. इथलं कोण बघणार, सांगा की."

बायका माझ्याकडं बघत राहिल्या. नॉटिंगहॅममध्ये सहकाऱ्यांनी फुलं पाठवली, कार्डावर सह्या केल्या, आणि मला काहीही विचारलं नाही. ते चांगले लोक आहेत. पण चार माणसांत उभं करून मला जाब विचारण्याचा हक्क जगात फक्त याच ओसरीवर कुणाला तरी आहे. घर म्हणजे आता मला तेवढंच वाटतं. मी सुभद्राबाईंच्या आणखी जवळ सरकले, आणि इथलं काय काय अडलंय ते एकेक विचारत बोलायला सुरुवात केली.