मागच्या पाट्यांची कुरकुर

सिल्वासाला बाबांची सरकारी नोकरी होती, आई शाळेत शिकवायची आणि आमच्या क्वार्टरखाली उभी असायची ती वापीहून जुनीच घेतलेली गाडी. बाबांचा अर्धा जीव तिच्यात. खानवेलच्या रस्त्यावर मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, जरा कुरकुरले की दुसऱ्या दिवशी स्वारी सामरवरणीच्या मेकॅनिककडे हजर. तो धुळ्याकडचा. वैतागायचा बिचारा. "साहेब, गाडी बराबर चालू राहिली ना, मग कशाला खोलता?"

"बंद पडल्यावर काय, कोणीही दुरुस्त करतं," बाबा म्हणायचे. "पडूच नये म्हणून आधी बघायचं असतं."

आई मेकॅनिकच्या पक्षातली. "चालतंय तोवर चालू द्यावं, अहो." इस्त्री, मिक्सर, स्वतःची तब्येत, सगळ्याला तिचा हाच न्याय. जिना चढताना ती मध्येच थांबायची, छातीवर तळहात दाबायची. विचारलं तर म्हणे, "गॅस झालाय गं," आणि चिमूटभर ओवा तोंडात. बाबांचं डोकं तेव्हा खाली बॉनेटमध्ये. नातेवाईक कौतुक करायचे, "बाई असावी तर अशी, कधी कुरकुर नाही." आई सुखावायची. मला त्या कौतुकाचा आजही राग येतो.

एका सकाळी शाळेला निघताना, चप्पल घालता घालता, ती दारातच बसली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. वापीच्या दवाखान्यापर्यंत कुठे अडली नाही, कसला आवाज नाही. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तीही गप्प होती. तिथे पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

"बरेच महिने दुखत असणार," डॉक्टर म्हणाले. "काही बोलल्या नाहीत?"

बाबा हातातल्या चावीकडे बघत राहिले. त्या चावीचा मला इतका संताप आला की रडायचंही सुचेना.

पुढे बाबांनी गाडीकडे बघणंच सोडलं. ऑफिसला न्यायची, आणायची, संपलं. पावसाळा सरता सरता पाटे पुन्हा बोलू लागले. बाबा आले की वळणावरूनच कळायचं. शेवटी मेकॅनिकच घरी आला.

"साहेब, लई कुरकुर करू राहिली गाडी. खोलू का?"

"नको," बाबा म्हणाले. "करू दे तिला कुरकुर. ऐकतोय मी."